चौथं शील

चिखलोली, २२ जून २०२५

चि. मायास काकाचा सप्रेम जयभीम.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून मला फोनवर बोलता येत नाही आणि मोबाइलवर टाइप करायला माझी बोटं तयार नाहीत. शिवाय तुला व्हॉट्सअपवर काहीही पाठवलं की तू दोन जोडलेले हात पाठवतेस. त्यावरून तू हो म्हणालीस, नाही म्हणालीस, की कोपरापासून हात जोडलेस, काही कळत नाही. म्हणून कागद. माझा महेंद्र रोज बदलापूरला कामावर येतो, तो तुझ्या बेलवलीच्या घरी पत्र देत जाईल. आमचं टपालखातं पेट्रोलवर चालतं.

तब्येत ठीक आहे. दोन-तीन महिने बोलायचं नाही, एवढंच डॉक्टरांनी सांगितलंय. हॉस्पिटलच्या फेऱ्या सोप्या पडाव्यात म्हणून तुझी काकू आणि मी सध्या महेंद्रच्या फ्लॅटवर आहोत. सातव्या मजल्यावरून मोरिवलीच्या कंपन्यांची धुराडी दिसतात, तिथलं आपलं विहार काही दिसत नाही.

आता मुद्दा. १० जुलैला आषाढ पौर्णिमा, वर्षावास सुरू. त्या दिवसापासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी साडेसातला विहारात बुद्धांच्या चरित्राचा आणि धम्माचा ग्रंथ वाचला जातो, हे तुला सांगायला नको. एकतीस वर्षं मी वाचतोय, एका दिवसाचा खंड नाही. तुझे पप्पा, माझा धाकटा मिलिंद, गेला त्या संध्याकाळीही मी वाचलं. यंदा मी नाही. कमिटीचे भगवानराव म्हणतात, "दादा, टेन्शन नका घेऊ, पेन ड्राइव्ह लावू. ब्लूटूथवर एकदम क्लिअर येतो आवाज." मला बोलता येत नव्हतं म्हणून भगवानराव वाचले. दुधाची तहान ताकावर भागवायची म्हटली तरी ताक घरचं असावं. पेन ड्राइव्ह अडखळत नाही हे खरं, पण तो थांबतही नाही. गावातल्या बनूबाई आठवतात? आपल्या धम्मातल्या नव्हेत, पण वीस वर्षं विहाराच्या दारात बसून ऐकतात. त्यांना खोकल्याची उबळ आली तर कोण थांबणार?

तुझा आवाज चांगला आहे. उल्हासनगरहून कामावरून सुटलीस की तुझी स्कूटी अंबरनाथवरूनच जाते. तू वाच. वाचणारं माणूस मिळालं नाही तर एकतीस वर्षांचं वाचन यंदा थांबतं, आणि माझ्यामुळे थांबतं. त्या विचाराने मला झोप नाही.

तुझा,
शिवरामकाका


बेलवली, २५ जून

ती. काकांना जयभीम.

पत्र मिळालं. तब्येतीला जपा.

मला जमणार नाही. आमच्या जीन्सच्या कारखान्यात आता सीझन सुरू होतोय, सुटायची वेळ सांगता येत नाही. समीरची शिफ्ट बदलते. जिज्ञासा तिसरीत गेली, तिचा अभ्यास घ्यायला लागतो. स्कूटीचा ब्रेक लागत नाही आणि तुमच्या मोरिवलीच्या रस्त्याला खड्डे आहेत.

शिवाय मला आता काही पाठ नाही. इतकी वर्षं म्हटलंच नाही तर राहणार कुठून?

पेन ड्राइव्ह वाईट नाही.

माया


चिखलोली, २९ जून

चि. माया, जयभीम.

नाचता येईना तर अंगण वाकडं ऐकलं होतं, तू तर ब्रेक, खड्डे आणि तिसरीचा अभ्यास एका दमात वाकडे केलेस. पाठ नाही म्हणतेस, पण ग्रंथ पाठ लागतोच कुठे? तो बघून वाचायचा असतो. वंदना भगवानराव घेतील. नाकात घेतील, पण घेतील.

तू रागावली आहेस एवढं मला कळतं. तुझी काकू म्हणते, "तुम्हाला ठाऊक नाय का ती का बोलत नाय ते?" मी खूप आठवलं. तुझ्या लग्नात मी चाळीस मिनिटं प्रवचन दिलं आणि पुऱ्या गार झाल्या, त्याचाच हा राग. माझी चूक मान्य. तुझ्या सासरची माणसं पुन्हा भेटली तर गरम पुऱ्या खाऊ घालीन.

सोबत ग्रंथ पाठवतोय. माझाच. कव्हर फाटलंय, आत सगळं शाबूत आहे. एक दिवस वाचून बघ. नाही जमलं तर महेंद्रच्या हाती परत पाठव, मी भगवानरावांना पेन ड्राइव्ह लावायला सांगतो.

काका


बेलवली, ११ जुलै

ती. काका, जयभीम.

काल गेले. एका दिवसासाठी म्हणून गेले.

तेवीस माणसं होती. पुढच्या सतरंजीवर पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मागे रिटायर्ड मंडळी, दारात बनूबाई. भगवानरावांनी वंदना खरंच नाकात घेतली. मग मी ग्रंथ उघडला आणि समासात तुमची पेन्सिल दिसली. "इथे श्वास." "इथे हळू." "इथे थांब, बनूबाई विचारतील." आणि त्याच ओळीवर बनूबाई म्हणाल्या, "पोरी, मंग त्याच्या बायकोला सांगलं का नाय त्यानं?" मी थांबले आणि उत्तर दिलं. एका ठिकाणी लिहिलंय, "इथे आवाज चढव, सरस्वती पेंगते." मान वर केली तर काकू खरंच पेंगत होती. मला हसू आवरेना.

वाचून झाल्यावर काकूला चहा करून दिला. तिने मला सगळं सांगितलं. "माये, दोन-तीन महिने कसले, आवाजाची पेटीच काढली त्यांची. आता परत नाय यायचा आवाज." काका, तुम्ही मला खोटं लिहिलंत.

मीही लिहिलं. मला सगळं पाठ आहे. रोज म्हणते. जीन्सच्या शिलाया तपासताना ओठांतल्या ओठांत म्हणते. आमचे सेठ सिंधी आहेत, एकदा म्हणाले, "माया बेटी, ये क्या मंतर बोलती है? जिस दिन बोलती है, उस दिन माल रिजेक्ट नहीं होता." फक्त माणसांसमोर म्हणत नाही. चौदा वर्षं नाही.

पुऱ्यांचा राग नाही काका. पप्पा गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाचा आहे. मी एकोणीस वर्षांची होते. पप्पांसाठी त्रिशरण-पंचशील मी देणार असं मीच तुम्हाला सांगितलं होतं. शरणं झाली, तीन शीलं झाली, लोक माझ्यामागून म्हणत होते. पप्पांनी मला शीलं बोटांवर शिकवली होती. करंगळीपासून मोजायचे. चौथं बोट त्यांचं प्रेसमध्ये अर्धं गेलेलं. चौथं शील आलं की ते अर्धं बोट नाचवून म्हणायचे, "खोटं बोलू नये, नाहीतर बघ, बोट कमी होतं." मी तिसरं दिलं आणि मला ते बोट दिसलं. मी थांबले. येत नव्हतं म्हणून नाही. आणि तुम्ही उठून माझ्या हातातून माइक घेतलात. शंभर माणसांसमोर. उरलेलं खणखणीत आवाजात पूर्ण केलंत. मी तशीच बाजूला उभी.

मला थोडा वेळ हवा होता. तेवढाही मिळाला नाही.

माया


चिखलोली, १४ जुलै

चि. माया,

माइक मी तुझ्यासाठी घेतला. तू दगडासारखी उभी होतीस, बायका रडायला लागल्या होत्या. पोरीची शोभा होऊ नये म्हणून घेतला. चुलत्याने नाही सांभाळायचं तर कोणी?

आवाजाचं खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तू कीव करून आली असतीस. मला कीव नको होती, वाचणारी हवी होती.

पुढे वाचायचं की नाही ते तू ठरव.

शिवराम


बेलवली, २४ ऑगस्ट

ती. काका, जयभीम.

सहा आठवडे तुम्हाला लिहिलं नाही, पण वाचते आहे. महेंद्रदादाने सांगितलंच असेल. तुमच्यासाठी वाचत नाही. दुसऱ्या दिवशी नाही गेले तर बनूबाईंनी भगवानरावांना विचारलं, "ती पोर कुठं गेली? ह्या डब्याला मी काय इचारू?" पेन ड्राइव्ह बंद झाला. तिसऱ्या दिवसापासून मी आहे. सीझन आहे, म्हणून सेठला सांगून सकाळी लवकर जाते. ब्रेक दुरुस्त केला. तुमच्यासाठी नाही म्हटलं, पण आता मलाच साडेसात वाजायची वाट बघायला होतं. दिवसभर कोणाचं तरी ऐकायचं असतं, तो एक तास माणसं माझं ऐकतात.

आज पप्पांना जाऊन चौदा वर्षं झाली. म्हणून विचारते.

तुम्ही रोजचं वाचन जिथे संपतं तिथे पेन्सिलने तारीख टाकता. एकतीस वर्षांच्या तारखा, एकाखाली एक. मी २०११च्या शोधल्या. २४ ऑगस्ट आहे. पप्पा गेले त्या संध्याकाळी तुम्ही खरंच वाचलंय. तारखेखाली कागद थोडा फुगलाय. पुढे रोजची तारीख आहे. ३ सप्टेंबर आहे. ४ सप्टेंबरला सकाळी पुण्यानुमोदन होतं. ४ नाही, ५ नाही, ६ नाही. एकदम ७ सप्टेंबर.

एका दिवसाचा खंड नाही म्हणता ना? मग हे तीन दिवस कुठे गेले?

माया


चिखलोली, २८ ऑगस्ट

चि. माया,

चार दिवस कागद समोर ठेवून बसलो होतो. तुझी काकू आता म्हणाली, "लिवा एकदाचं, नायतर मी सांगते पोरीला." तेव्हा मीच सांगतो.

त्या सकाळी सगळ्यांनी माझं कौतुक केलं. शिवरामदादा, केवढा धीर, सख्खा भाऊ गेला तरी आवाज हलला नाही. मी ते ऐकून घेतलं. संध्याकाळी विहारात गेलो, ग्रंथ उघडला आणि आवाज फुटेना. घसा चांगला होता गं. डोळ्यांपुढे तू होतीस, रिकामा हात तसाच धरून उभी. माणसं यायला पंधरा मिनिटं होती. मी विहाराच्या मागे गेलो आणि मेन स्विच बंद केला. लोक आले, त्यांना सांगितलं, वायर जळलीय, आज वाचन नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तुझी काकू माझ्यामागून आली. माझ्यादेखत स्विच चालू केला आणि पुढे जाऊन पेंगायच्या जागेवर बसली. तेव्हा वाचलं.

लोकांच्या लेखी लाइट गेली होती, खंड पडलाच नव्हता. मीही तेच म्हणत राहिलो. आणि दर रविवारी समोरच्यांना चौथं शील देत राहिलो. खोटं बोलण्यापासून दूर राहीन. माझा आवाज एकदाही हलला नाही. मिलिंद असता तर माझी बोटं मोजली असती त्याने.

माइकचंही खरं सांगतो. शोभा तुझी होऊ नये म्हणून घेतला नव्हता. शिवरामची पुतणी अडकली असं लोक म्हणतील, याचं मला वाटलं. तुला सांभाळलं नाही, माझं नाव सांभाळलं. माया, माझं चुकलं. हे तोंडाने सांगायला हवं होतं. तोंड होतं तेव्हा सांगितलं नाही.

आता एक मागतो. ऑक्टोबरमध्ये आश्विन पौर्णिमेला वाचन संपेल. त्या दिवशी त्रिशरण-पंचशील भगवानरावांनी नाही, तू द्यावंस. एकतीस वर्षं मी लोकांना शील दिलं. देणारा पुढे बसतो आणि आधी म्हणतो, त्याला घ्यायला मिळत नाही. मला एकदा घ्यायचंय. आवाज नाही, ओठ हलवीन.

काका


बेलवली, २० सप्टेंबर

ती. काका, जयभीम.

तुमचं पत्र पर्समध्ये घेऊन फिरते आहे. लगेच उत्तर दिलं नाही, कारण काय लिहू कळत नव्हतं. स्विचचं वाचून रडले, आणि काकू मागून येऊन स्विच लावते तिथे हसले. समीर म्हणाला, नक्की काय झालंय ते ठरव.

पांढऱ्या साडीसाठी आमच्याच मार्केटमध्ये गेले होते. सेठ घाबरले, "सफेद? घर में कोई गुजर गया क्या, बेटी?" म्हटलं, नाही सेठ, आमच्यात सणाला पांढरं नेसतात. त्यांनी ओळखीच्या दुकानातून चांगली सुती साडी काढून दिली.

साडी आणली म्हणजे हो म्हटलं असं नाही. मला भीती वाटते. पुन्हा तिथेच अडकले तर? ग्रंथ समोर असतो, शील समोर नसतं. सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत असतील आणि पहिल्या रांगेत तुम्ही असाल.

अडकले तर माइक घेणार नाही ना?

माया


चिखलोली, २१ सप्टेंबर

चि. माया,

माइक घेऊन मी आता करणार काय?

काका


मोरिवली, ८ ऑक्टोबर

चि. माया, सप्रेम जयभीम.

समारोपाच्या दिवसापासून आम्ही मोरिवलीला आपल्या घरीच राहिलो. गळ्याला रुमाल बांधून लोकांत यायचं मला जड वाटत होतं. दारातच बनूबाईंनी हात धरला. म्हणाल्या, "दादा, तुमची पोर बरी वाचते. तुमी घाई करायचे." वीस वर्षांनी कळलं.

माणसं किती होती ते मोजलं नाही. ग्रंथ संपला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, असं माझ्या वेळी कधी झालं नाही. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. मग सगळ्यांनी तुझ्याकडे शील मागितलं आणि तू सुरुवात केलीस.

बुद्धं सरणं गच्छामि. एकतीस वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून माझ्याकडे येताना ऐकले. देताना ते बाहेर जातात, घेताना आत येतात, एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. माझे ओठ तुझ्यामागून चालले होते. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मग तू चौथं दिलंस. सगळं विहार तुझ्यामागून म्हणालं आणि माझे ओठ उघडेनात. तो स्विच दिसला. तेवढ्यात लोकांचं म्हणून झालं.

आणि तू पाचवं दिलंच नाहीस. तूही थांबलीस. मला वाटलं, झालं, पोर पुन्हा त्याच जागी अडकली. रक्ताचंच नातं, दोघंही एकाच शीलाला अडखळतो. माझ्या शेजारी भगवानराव उठायला लागले, "मी घेऊ का पुढे?" म्हणत. मी त्यांचा सदरा मागून असा ओढला की ते खालीच बसले. एक बटण तुटलं, ते तुझी काकू लावून देणार आहे. बनूबाईंनी दारातून विचारलं, "लाइट गेली का गो?" लाइट होती. फक्त तुझी काकू हसली.

मग मी ते चौथं शील ओठांनी म्हटलं. पूर्ण. आवाज नव्हता म्हणून कोणाला कळलं नाही. आणि लगेच तू पाचवं दिलंस. बरं झालं सावरलीस. अडकलीस त्याचं काही मनावर घेऊ नकोस, लोकांना ते कळलंसुद्धा नाही.

दर रविवारची वंदना तू घ्यावीस असं कमिटीत ठरलंय, भगवानराव बटणासकट तयार आहेत. ग्रंथ तुझ्याकडेच ठेव.

काका


बेलवली, १२ ऑक्टोबर

ती. काकांना सविनय जयभीम.

रविवारचं हो. आज पहिली वंदना घेऊन आत्ताच आले. जिज्ञासा सोबत होती, करंगळीपासून मोजत होती.

ग्रंथात शेवटच्या पानावर तारीख टाकली, तुमच्या तारखांच्या खाली. आणि आषाढात मी एक दिवस आले नव्हते, तिथे पेन्सिलने "पेन ड्राइव्ह" असं लिहून ठेवलंय. २०११च्या त्या तीन दिवसांची जागा मात्र कोरी ठेवली आहे. तिथे काय लिहायचं ते तुम्ही पुढच्या रविवारी येऊन लिहा.

आणि काका, मी अडकले नव्हते. मला पाचवं येत होतं, ओठांवरच होतं. सगळ्यांचं चौथं म्हणून झालं तेव्हा मी तुमच्याकडे बघितलं. तुमचे ओठ हलत नव्हते. पेन ड्राइव्ह थांबत नाही, माणूस थांबतं, हे तुम्हीच मला लिहिलं होतं. म्हणून मी थांबले. तुमचं झालं, मग पाचवं दिलं.

तुमची,
माया